लिलियन टीचरचा गडगा

लिलियन टीचर मला कधीच आवडल्या नाहीत, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तू तरी माका खंय आवडतस?" तेव्हापासून आमचं बरं चाललं.

कट्टा गावच्या बाजारात एसटी थांब्यासमोर माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. घरावर, गोठ्यावर, काजूच्या बागेत, म्हणाल तिथे कॅमेरा बसवून देतो. या धंद्याने माणसांबद्दलचं माझं मत पार बिघडवून टाकलंय. लोक चोर पकडायला म्हणून कॅमेरा घेतात आणि चार दिवसांत सून कोणाशी बोलते आणि शेजाऱ्याची कोंबडी कुठे खरवडते ते बघत बसतात. चोर बिचारा फिरकतही नाही. टीचरांच्या घरी कॅमेरा लावायला गेलो तो त्यांनी बोलावलं म्हणून नव्हे. बोलावलं होतं त्यांच्या मुलाने, क्लाइव्हने, आणि तेही दोह्यात बसून.

टीचर शाळेत भूमिती शिकवायच्या. आमच्या भागातल्या पन्नाशीकडे आलेल्या बहुतेक पुरुषांनी त्यांच्या हातची फूटपट्टी खाल्ली आहे, मीही खाल्ली आहे. नवरा बोटीवर होता, तो लवकर गेला. पोरगं त्यांनी एकटीने वाढवलं, घरावरची कौलं स्वतः उन्हात उभं राहून फिरवून घेतली, आणि त्या सगळ्या काळात कोणाशी म्हणून गोड बोलल्या नाहीत. कंडक्टरने तिकीट चुरगाळून दिलं तर ते परत करून दुसरं मागायच्या. मासेवालीने बांगड्यांवर हात ठेवून ताजे आहेत म्हटलं, की आधी हात काढ म्हणायच्या. प्रवचनात फादर काही चुकीचं बोलले तर चर्चच्या दारातच त्यांना थांबवून सांगायच्या. लोक घाबरायचे, आणि लोक घाबरतात हे टीचरांना मनापासून आवडायचं.

या बाईचं जगात एकाच माणसाशी पटत असे, ते म्हणजे शेजारची सावित्रीकाकी. पटत असे म्हणजे दोघी रोज भांडत. काकीने वाळत घातलेली कोकमं टीचरांना काळी दिसायची, टीचरांचा चहा काकीला पाणचट लागायचा. काकीला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून टीचर रोज दुपारी किटली घेऊन तिच्या पडवीत जाऊन बसू लागल्या. बशी धरून चहा पाजायच्या आणि पाजता पाजता भांडायच्या. सून शेतात, नातवंडं मुंबईत, त्यामुळे काकीला दिवसभर बोलायला दुसरं कोणी नव्हतं. टीचरांना तर कधीच कोणी नव्हतं.

जायची वाट गडग्यातून होती. दोन घरांच्या मधोमध जांभ्या दगडांचा गडगा, नुसता रचलेला, चुना-सिमेंट काही नाही. त्यात एका टोकाला, फणसाजवळ, माणूस जाईल एवढी मोकळी जागा आणि तिला आडव्या वाश्यांचं फाटक. त्याला आम्ही बेडं म्हणतो. पावसात गडगा दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतो. पाऊस ओसरला की दोन्ही घरं मिळून तो परत रचतात, दगड एका घरचे, जेवण दुसऱ्या घरचं. तळाच्या दगडाला मात्र कोणी हात लावायचा नाही, कारण तीच हद्द. आमच्याकडे एखाद्याला चोर म्हटलं तर तो एक वेळ विसरेल. हद्द सरकवलीस म्हटलं तर त्याची नातवंडंसुद्धा विसरणार नाहीत.

या खेपेला टीचरांचा गुडघा सुजला होता, म्हणून गडगा एकट्या गुरुदासने रचला. गुरुदास म्हणजे सावित्रीकाकीचा मुलगा. भात आणि काजू करतो, कमी बोलतो आणि बोलला की टोचून बोलतो. त्याच्या पाठोपाठ महिन्याभरात मी टीचरांच्या पडवीच्या वाश्याला क्लाइव्हचा कॅमेरा ठोकला. क्लाइव्हला मी स्पष्ट सांगितलं होतं, दोन साधे कॅमेरे लाव, चित्र नीट येईल. तो म्हणाला, दोन कशाला, एकातच सगळं दिसलं पाहिजे, विहिरीपासून न्हाणीपर्यंत. एकातच सगळं दाखवणारा कॅमेरा असतो. त्याची काच फुगीर असते आणि ती सगळं दाखवते, पण वाकवून. मधलं बऱ्यापैकी दिसतं, कडेचं सगळं आत वळतं आणि दाटीवाटीने बसतं. हेही मी त्याला सांगितलं. परदेशात नोकरी लागली की माणसाचे कान इथेच राहतात, तसं काहीतरी त्याचं झालेलं आहे.

तर क्लाइव्हने दोह्यात मोबाईल उघडला आणि त्याला दिसलं, की गडग्याचं फणसाकडचं टोक वळून त्याच्या अंगणात आलंय. दुसरं टोक न्हाणीआड होतं, ते दिसलंच नाही. लहानपणी फणस आणि गडगा यांच्यामधून बैलगाडी जायची, आता माणूस जाईल एवढीही जागा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच चित्रात रस्त्यावरचा विजेचा खांब सुपारी वाऱ्याने वाकावी तसा वाकलेला होता. पडवीचा खांब वाकलेला होता. स्वतःची आई अंगणात झाडू मारताना वाकडी चालत होती. ते सगळं साहेबांना चाललं. वाकडा फक्त गुरुदास दिसला.

मग त्याने आईला फोनवर छळलं. तो कॅमेऱ्यातूनही बोलायचा, त्याला आवाजाची सोय होती. टीचर अंगणात आल्या की वाश्यावरून आवाज यायचा, "मम्मी, बेड्याकडे जाव नको. मम्मी, तेंच्या घराक जाव नको. तेंनी आमची जागा खाल्ल्यानी." आख्ख्या वाडीला ऐकू जायचं. गुरुदासलाही.

शेवटी त्याने पंचायतीत तक्रार करायला लावली आणि टीचरांनी ती केली. मी तिथे नव्हतो, मला कोण विचारतो. पण जे होते त्यांनी सांगितलं. टीचरांनी मोबाईलवरचं चित्र सगळ्यांसमोर धरलं. सरपंचबाई, सत्यवती, टीचरांचीच विद्यार्थिनी. तिने विचारलं, "टीचर, तुम्ही रोज तिथे वावरता. तुमच्या डोळ्यांना काय दिसतं?"

टीचर म्हणाल्या, "माझा मुलगा खोटं बोलत नाही. दिसतंय ते दिसतंय."

गुरुदास उठून गेला. घरी जाऊन त्याने बेड्याचे वासे काढले आणि त्या जागी दगड रचून वाट बुजवली. रस्त्याने वळसा घालून टीचर त्याच्या दारात गेल्या, तेव्हा तो खळ्यातूनच, म्हणजे पुढच्या अंगणातूनच म्हणाला, "टीचर, आमच्या खळ्यात पाय ठेवू नकात. उद्या म्हणश्यात, खळाय आमचाच." किटली हातात घेऊन टीचर परत फिरल्या. लिलियन टीचर कोणाच्या दारातून परत फिरल्या असं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांनी पाहिलं.

मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. मला संताप आला. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून फळ्यावरची तिरकी रेघ ओळखणारी ही बाई, आणि स्वतःच्या अंगणातला सरळ गडगा हिला ओळखता येईना? पोराचं खरं करायला दुसऱ्याच्या पोराला हद्दचोर ठरवते? मी हे बाजारात बोललो, मोठ्याने बोललो, त्यांच्या कानावर जावं म्हणूनच बोललो.

ते कानावर गेलं असणार, कारण त्या दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाळा, तो कॅमेरो नीट कर."

"तो नीटच आसा, टीचर. तुमच्या झिलाचे, त्या क्लाइव्हचे डोळे नीट करूचे लागतीत."

"जीभ आवर. चित्र सरळ करूक येता की नाय, तेवढा सांग."

येतं. या कॅमेऱ्यांत तशी सोय असते. ती चालू केली की वाकलेल्या रेघा ताणून सरळ करता येतात. कडेचं आक्रसलेलं चित्र मोठं होतं, आणि त्या ओढाताणीत कोपरे थोडे कापले जातात. पण किती ताणायचं, ते समोर एखादी खात्रीची सरळ वस्तू असल्याशिवाय ठरत नाही. कमी ताणलं तर वाकडं राहतं आणि जास्त ताणलं तर उलट्या बाजूला वाकतं. हे मी त्यांना सांगितलं आणि विचारलं, आता एवढी घाई कशाची?

टीचर दुकानाच्या फळीकडे बघत म्हणाल्या, "सावित्री हाक मारणा नाय." मग म्हणाल्या, "गडग्यापलीकडसून रोज हाक मारी. आता एकदाय मारूक नाय. मी तेंका चोर मानतंय, ता तिकाय खराच वाटला." एवढं बोलून बाहेर जाऊन रिक्षात बसल्या. मी शटर ओढून मागोमाग गेलो. दया आली म्हणून नव्हे. कॅमेरा मी बसवलेला होता आणि त्याच्या नावाने गावात शिमगा चालला होता, ते मला खपत नव्हतं.

अंगणात मोबाईलवर चित्र उघडून मी म्हणालो, विजेच्या खांबावरून जुळवतो. टीचर म्हणाल्या, "खांब खरोच वाकडो आसा म्हणतलो क्लाइव्ह. गडगोय नको, तो तर वादातलोच. दोरी ताण." गवंडी भिंतीला लावतात तसली सुताची दोरी त्यांनी आतून आणली. एक टोक स्वतः धरून फणसाकडे गेल्या आणि गडग्यावरून ओरडल्या, "गुरुदास! भायर ये. हेचा टोक धर."

गुरुदास काजूच्या बिया वाळत घालत होता. त्याने मान वर केली नाही. "माका कित्याक सांगतास? दोरी चोरीन मी."

"चोर मगे. पण आधी धर."

तो आला. त्याने दोरीचं टोक धरलं ते असं, की जणू त्याच्या हातात जळू दिलीये. गडग्याच्या माथ्यावरून दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली. दोघं दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता, ओढत होते. गरजेपेक्षा जास्तच ओढत होते. डोळ्यांना दिसत होतं, की दोरी आणि गडगा सोबतच जातायत, कुठे बोटभर फट नाही. मोबाईलवर मात्र ती ताठ दोरी विळ्यासारखी वाकली होती, आणि तिच्याखाली गडगाही तसाच. ताणलेली दोरी काही वाकत नाही, हे दोह्यातल्या माणसालाही कळायला हवं. मी कॅमेऱ्यातली ती सोय चालू केली, म्हणजे दोह्यातही तेच दिसणार, आणि दोरी सरळ होईपर्यंत चित्र ताणत नेलं. दोरी सरळ झाली, गडगा सरळ झाला, खांब उभा राहिला. फणस आणि गडगा यांच्यामधली जागा मोकळी झाली. बैलगाडी गेली असती.

मी गडग्यापाशी जाऊन गुरुदासला मोबाईल दाखवला. त्याने तो हातातही घेतला नाही.

"ह्या माका कित्याक दाखवतास? माका म्हायतच होता. टीचर, तुमी पंचायतीत बोललात, तर परत पंचायतीत बोला. सगळ्यांसमोर."

टीचरांनी दोरी गुंडाळली. फार वेळ लावला त्याला. मग म्हणाल्या, "बोलतलंय."

"आणि तुमच्या झिलाक?"

"तेकाय सांगतलंय."

गुरुदास बेड्यापाशी गेला आणि बुजवलेल्या वाटेतला वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. दुसराही उचलला. टीचर तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि किटली आणायला म्हणून घराकडे वळल्या. माझं काम झालं होतं, पण मी थांबलो.

तेवढ्यात वाश्यावरून क्लाइव्ह बोलला.

"मम्मी! बगलंस? फणसाकडे केदी जागा झाली! पंचायतीचा नाव काढल्याबरोबर गडगो मागे घेतल्यान तेना! असल्या लोकांका हीच भाषा कळता. चोर तो चोर!"

गुरुदासच्या हातात तिसरा दगड होता. तो त्याने परत होता तिथे ठेवला. मग आधीचे दोन्ही उचलून त्यावर ठेवले, नीट बसवून ठेवले, आणि मागे सरून हाताची घडी घातली.

मी ओरडलो, "क्लाइव्ह, गडगो नाय हलूक, मी चित्र सरळ केलंय! कॅमेरो वाकडा दाखवी होतो!"

"तू गप रव रे बाळा! कोपरे कित्याक कापलंस? काय लपवतस? तुकाय तेंनी विकत घेतल्यानी काय?"

अशा माणसाला काय सांगणार? वाकडं चित्र त्याला पुरावा होतं, आणि सरळ चित्र त्याहून मोठा पुरावा झालं. मी त्याला वाटेल ते बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टीचर अंगणाच्या मधोमध थांबल्या होत्या. त्यांनी वर वाश्याकडे तोंड केलं.

"क्लाइव्ह, माजा ऐक. गडगो कधीच हलूक नाय. माका पयल्या दिवसापासून म्हायत होता."

"मम्मी, तुका तेंनी भियवल्यानी."

"माका कोण भियवतलो? मी रोज बगतंय तो गडगो. सरळ होतो, सरळ आसा. तुजा खरा करूक मी पंचायतीत खोटा बोललंय. तू रागावशील, फोन करूचो नाय, म्हणान खोटा बोललंय."

हे त्या खालच्या आवाजात बोलल्या नाहीत. वर्गात बोलायच्या तशा बोलल्या. गुरुदासने ऐकलं, मी ऐकलं, पाणी भरायला आलेल्या दोन बायका विहिरीवर थबकल्या त्यांनी ऐकलं. क्लाइव्हने काही ऐकलं नाही. त्याचं चालूच होतं: पुढच्या महिन्यात येतंय, घर विकतंय, तुका हयसून घेऊन जातंय, तुज्या डोक्यात काय काय भरवल्यानी तेंनी.

टीचरांनी आतून किटली आणली, ती गडग्यावर ठेवली आणि बुजवलेल्या वाटेतला दगड उचलला. जांभा दगड, त्या वयाच्या बाईने उचलायची वस्तू नव्हे. तो त्यांनी पोटाशी धरून बाजूला टाकला.

"दगड माजे आसत ते," गुरुदास म्हणाला.

"मगे तू उचल."

तो हलला नाही. घडीही सोडली नाही. मी पुढे झालो, तर टीचर माझ्यावरच खेकसल्या, "तू मोबाईल धर तुजो." एकेक दगड त्या काढत गेल्या. वाश्यावरून क्लाइव्ह कोकलत होता, "मम्मी, गडग्याक हात लावू नको! मम्मी, बग ते तुज्याकडसून काय काय करून घेतत! मी रेकॉर्ड करतंय!" शेवटचे दोन दगड काही हलेनात. टीचरांनी साडी वर खोचली, सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांवरून पलीकडे टाकला, मग दुसरा टाकला. किटली घेतली. गुरुदासच्या खळ्यात त्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "टीचर, मी तुमका सांगलेलंय..." आणि थांबला. त्याने त्यांना वाट दिली नाही. त्याच्या बाजूने वळसा घालून त्या पडवीत गेल्या.

पडवीत सावित्रीकाकी खाटेवर होती. झटक्यानंतर तिची जीभ जड झालीये, पण शिव्या स्पष्ट येतात.

"खंय मेललंस गो इतके दिवस?"

किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. टीचर म्हणाल्या, "तू तरी खंय हाक मारलंस?"

"झिलान सांगल्यान, तिचा नाव काढू नको. नाय काढलंय." काकीला दम लागला. मग म्हणाली, "आणि तू गो? तू कित्याक तसा बोललंस?"

"मीय झिलाचाच ऐकलंय."

 बशीत चहा ओतल्याचा आवाज आला. गुरुदासने हाताची घडी सोडली होती. तो बेड्यातल्या त्या उरलेल्या दोन दगडांकडे बघत उभा होता, आणि मी अंगणात त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. माझ्या डोक्यावर क्लाइव्हचा आवाज अजून येत होता. अंगणात मी सोडून कोणी उरलं नव्हतं, त्याच्या सरळ केलेल्या चित्रात आता गडगा होता, फणस होता, सगळं जागच्या जागी होतं.

"मम्मी?" तो विचारत होता. "मम्मी, खंय गेलंस? दिसणस नाय माका."